पहाटे चार वाजता तबकडी दिसते का?

घड्याळ हातात आलं की पहिली तपासणी ठरलेली. दिव्याखाली धरायचं, दुसऱ्या हाताची ओंजळ वरून झाकायची आणि एक डोळा मिटून आत डोकवायचं. हिरवा-निळा उजेड दिसला की मान डोलवायची. यातून कळतं ते एवढंच, की तबकडीवर चमकणारा लेप आहे. तो कामाचा आहे का, हे कळायला अजून सहा-सात तास जावे लागतात.

कारण त्या ओंजळीत आपण पाहतो ती पहिल्या दहा सेकंदांची चमक. ती जवळजवळ प्रत्येक घड्याळाची झकास असते. खरी परीक्षा पहाटे चारला. दिवे दहाला मालवलेले, घड्याळ तेव्हापासून अंधारात, आणि झोपमोड झाल्यावर एका नजरेत वेळ कळली पाहिजे. या परीक्षेत महागडी घड्याळं बऱ्याचदा नापास होतात आणि त्यांच्या दहाव्या हिश्शाच्या किमतीची पास होतात. असं का होतं, हे समजायला लेप कसा चालतो ते आधी पाहावं लागेल.

आजच्या लेपात, ज्याला शौकीन मंडळी ‘लूम’ म्हणतात, स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेट असतं आणि त्यात युरोपियम व डिस्प्रोशियम ही दोन मूलद्रव्यं अगदी थोडी मिसळलेली असतात. उजेड पडला की युरोपियममधले इलेक्ट्रॉन उसळतात. त्यातले काही लगेच खाली येतात, बाकीचे डिस्प्रोशियममुळे स्फटिकात तयार झालेल्या सापळ्यांत अडकतात. आजूबाजूच्या साध्या उष्णतेच्या धक्क्यांनी ते एकेक करून सुटतात, परत युरोपियमकडे येतात आणि येताना प्रकाश सोडतात. उथळ सापळ्यातले पहिल्या काही मिनिटांत मोकळे होतात, खोल सापळ्यातले तासन् तास थांबतात. म्हणूनच सुरुवातीचा भपका आणि नंतरची लांबलचक मंद शेपटी.

ही शेपटी ढोबळमानाने एका साध्या हिशेबाने चालते: वेळ दहापट झाला की प्रकाश दहाव्या हिश्शावर येतो. अंधार झाल्यावर एका मिनिटाला जेवढा उजेड होता, त्याच्या दशांश दहा मिनिटांनी, आणि शतांश साधारण पावणेदोन तासांनी. ऐकायला भयंकर वाटतं, पण पुढचा दशांश गाठायला तब्बल सोळा-सतरा तास लागतात. म्हणजे रात्री बाराला जे दिसतंय ते पहाटेपर्यंत फार बिघडत नाही. बिघडतं ते पहिल्या तासात.

याच उष्णतेच्या धक्क्यांमुळे आणखी एक गंमत होते. मनगटावरचं घड्याळ अंगाच्या उबेने थोडं जास्त उजळतं आणि थोडं लवकर रिकामं होतं. उशाशी थंडीत ठेवलेलं घड्याळ मंद चमकतं, पण साठा पुरवून खातं. दोन घड्याळांची तुलना करताना एक हातात आणि दुसरं टेबलावर, असं करू नये, ते यासाठी.

किमतीचा आणि उजेडाचा संबंध

हा पदार्थ नेमोटो या जपानी कंपनीने १९९३ मध्ये ‘ल्युमिनोव्हा’ या नावाने आणला. त्याआधी वापरात असलेल्या झिंक सल्फाइडच्या तुलनेत तो सुमारे दहापट उजळ होता आणि कितीतरी जास्त वेळ टिकणारा. पुढे स्वित्झर्लंडमधल्या टॉयफेनच्या आरसी ट्रायटेक कंपनीशी हातमिळवणी होऊन ‘सुपर-ल्युमिनोव्हा’ आलं. आज बहुतेक स्विस घड्याळांत तीच पूड असते, घड्याळ पोलादाचं असो की सोन्याचं. म्हणजे कच्चा माल एकच. फरक पडतो तो किती माल घातला, कोणत्या रंगाचा घातला आणि कशावर घातला, यात.

पहिलं प्रमाण. लेपाची जाडी वाढवली की उजेड वाढत जातो, पण एका मर्यादेपर्यंतच. पाव ते अर्धा मिलिमीटरच्या पुढे फारसा लाभ नाही, कारण बाहेरचा उजेड तळापर्यंत पोचत नाही आणि तळाचा प्रकाश वरच्या थरातच विखुरतो. छपाईने दिलेला एकच पातळ थर या जाडीच्या जवळपासही जात नाही. दोन-तीन वेळा थरावर थर दिले तर फरक उघड दिसतो. सगळ्यात उत्तम म्हणजे वर उचललेल्या धातूच्या खोबणीत भरलेला लेप, कारण खोबणीला खोली असते आणि कडा धारदार राहतात.

आता एखादं औपचारिक, पातळ, सोन्याच्या सडसडीत काट्यांचं घड्याळ डोळ्यांसमोर आणा. त्यात लेपाला जागाच नाही. काट्याच्या मधल्या चिरेत केसाएवढी रेघ भरली, तरी ती पहाटे दिसणार नाही. म्हणून कित्येक कंपन्या अशा घड्याळांत लेप घालतच नाहीत. ग्रँड सेइकोच्या बहुतेक औपचारिक घड्याळांवर तो नसतो आणि तिथे तो नसणंच बरोबर आहे. माझा आक्षेप आहे तो खेळाचं घड्याळ म्हणून विकलेल्या, पण काट्यांत नावापुरती रेघ असलेल्या घड्याळांवर. दुसरीकडे सेइकोच्याच पाणबुड्यांच्या (डायव्हर लोकांच्या) घड्याळांवर स्वतःच्या ‘ल्युमीब्राइट’चे जाडजूड ठिपके असतात. त्यांची ख्याती उगाच झालेली नाही. तिथे ठिपक्याचं क्षेत्रफळच मोठं आहे.

कशावर लावलं, ही गोष्ट सहसा कोणी विचारत नाही. लेप अर्धपारदर्शक असतो. काळ्या तबकडीवर थेट लावला तर मागे जाणारा प्रकाश काळा रंग गिळून टाकतो. खाली आधी पांढरा थर दिला, तर तोच प्रकाश परत वर येतो आणि चार्ज होतानाचा उजेडही दोनदा लेपातून जातो. पातळ लेपाला याचा फायदा सगळ्यात जास्त. भिंगातून काळ्या तबकडीवरच्या ठिपक्याची कड नीट पाहिली, तर पांढऱ्या थराची बारीक किनार बऱ्याचदा दिसते. पूड भरडी असेल तर उजेड जास्त, बारीक दळली तर कमी. बारीक नक्षी छापायची तर बारीक पूड लागते, म्हणून नाजूक आकडे नेहमी मंद.

पानेरायने प्रसिद्ध केलेली सँडविच तबकडी म्हणजे या सगळ्यावर एक वेगळंच उत्तर आहे. वरच्या तबकडीत आकडे आरपार कापायचे आणि खाली लेपाने माखलेली दुसरी तबकडी बसवायची. माल भरपूर मावतो. तोटा एवढाच, की तिरकं पाहिलं तर कापलेल्या कडा आकड्याचा काही भाग झाकतात आणि चार्ज करताना उजेडही सरळ वरून पडावा लागतो.

अलीकडे लेपाचे ठोकळेच मिळू लागले आहेत. पूड सिरॅमिकमध्ये मिसळून घडवलेले घन तुकडे, जे काट्यावर किंवा तबकडीवर चिकटवतात. एच. मोझरच्या स्ट्रीमलायनरच्या काट्यांत असा ‘ग्लोबोलाइट’ आहे. ठोकळ्याला उंची असल्यामुळे बाजूनेही वेळ दिसते.

सी ३, सी १, बीजीडब्ल्यू ९

सुपर-ल्युमिनोव्हाच्या रंगांना कोड असतात आणि खरेदीआधी हे तीन माहीत असले तरी पुरे. सी ३ दिवसा फिकट पिवळसर-हिरवट दिसतो आणि अंधारात हिरवा चमकतो. त्यात वेगळा रंग मिसळलेला नसतो, त्यामुळे तो सगळ्यांत उजळ. सी १ दिवसा पांढराशुभ्र, अंधारात हिरवाच, पण उजेड सी ३ च्या सुमारे एक तृतीयांश. बीजीडब्ल्यू ९ दिवसा पांढरा आणि अंधारात निळसर, आणि उजेडात सी ३ च्या पाठोपाठ. दिवसा पांढरी तबकडी नीट दिसावी आणि रात्रीही काम व्हावं म्हणून महागड्या घड्याळांत आज बीजीडब्ल्यू ९ जास्त दिसतो, तो याच कारणाने. शिवाय प्रत्येक रंगाच्या प्रतवाऱ्या असतात: साधी, ए आणि एक्स १. एक्स १ चा फायदा पहिल्या मिनिटाला नाही, दोन तासांनंतर कळतो.

जुनाट दिसावं म्हणून दिलेला बदामी, खाकी, नारिंगी लेप हा शुद्ध सौदा आहे. वर मिसळलेला रंग आत जाणारा उजेडही अडवतो आणि बाहेर येणाराही. दिसायला मोहक, पण पहाटे चारला त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. लाल आणि नारिंगी चमकणारे लेप तर काही मिनिटांचे पाहुणे. काळा लेप ही जाहिरातीतली करामत.

रोलेक्सचा निळा ‘क्रोमालाइट’ २००८ मध्ये डीपसी घड्याळातून आला आणि मग इतर मॉडेलांत पसरला. कंपनी आठ तासांपर्यंतचा दावा करते. निळा की हिरवा, हा वाद शौकिनांत कधी मिटत नाही. खरं तर दोन्ही बाजू बरोबर आहेत, फक्त वेगवेगळ्या वेळी.

डोळ्यात दोन प्रकारच्या पेशी असतात. उजेडात काम करणाऱ्या शंकूपेशींना ५५५ नॅनोमीटर तरंगलांबीचा पोपटी-हिरवा प्रकाश सर्वांत चांगला दिसतो. अंधारात काम करणाऱ्या दंडपेशींचं शिखर ५०७ नॅनोमीटरला, म्हणजे निळसर-हिरव्याकडे सरकलेलं. सी ३ ची चमक ५२० च्या आसपास, बीजीडब्ल्यू ९ ची ४८५ च्या आसपास. शंकूपेशींना ४८५ चा प्रकाश ५२० च्या जेमतेम पाव भासतो. दंडपेशींना मात्र दोन्ही जवळजवळ सारखेच. म्हणून दिवा मालवल्या-मालवल्या हिरवा बाजी मारतो आणि रात्र चढली की निळा त्याला गाठतो. ओंजळीतल्या परीक्षेत निळ्यावर अन्याय होतो तो इथे.

दंडपेशी पूर्ण जाग्या व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि त्या काळात डोळ्याची संवेदनशीलता हजारो पटींनी वाढते. एकीकडे लेप मंदावतो, दुसरीकडे डोळा तीक्ष्ण होतो. घड्याळाचा लेप रात्रभर ‘टिकतो’ यातलं निम्मं श्रेय डोळ्याचं आहे. झोपेतून उठून मोबाइलचा पडदा एकदा पेटवला की ते श्रेय संपलं. मग कोणतंही घड्याळ दहा मिनिटं काळंच दिसणार. आणखी एक युक्ती: दृष्टिपटलाच्या अगदी मध्यावर दंडपेशी नसतात. फार मंद तबकडी थेट न पाहता नजर किंचित बाजूला ठेवली, तर काटे उमटून येतात. रात्री आकाशातले पुसट तारे असेच पाहतात.

चार्ज कसं करायचं

हा पदार्थ अतिनील, जांभळ्या आणि निळ्या प्रकाशाने भरतो. पिवळ्या-तांबूस उजेडात निळा भाग कमी असतो, म्हणून पिवळट दिव्याखाली तासभर बसलात तरी घड्याळ अर्धवट भरतं. बाहेर सावलीतसुद्धा दहा हजार लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) पुढे उजेड असतो, थेट उन्हात लाखापर्यंत. संध्याकाळच्या खोलीत शंभर-दोनशे. उन्हात लेप काही मिनिटांत पूर्ण भरतो. त्यापुढे कितीही वेळ ठेवा, उपयोग नाही, कारण जितकं आत जातं तितकंच बाहेर पडतं. मंद उजेडात ही बरोबरी खालच्या पातळीवरच होते. म्हणजे जास्त वेळ हा कमी उजेडाला पर्याय नाही. ‘दिवसभर हातात होतं, तरी रात्री चमकत नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा बाहीखाली झाकलेल्या घड्याळाची असते.

अतिनील टॉर्च पाच सेकंदांत तबकडी पेटवते. फोटोला छान. पण एवढ्या वेळात उथळ सापळेच भरतात आणि चमक तितक्याच झटपट उतरते. रात्रभरासाठी भरायचं तर निदान काही मिनिटं द्यावीत, आणि ३६५ नॅनोमीटरची टॉर्च कधी डोळ्यांकडे धरू नये, तिचा बराचसा प्रकाश दिसतच नाही. सॅफायरची काच अतिनील किरणांना फारसं अडवत नाही. जुन्या घड्याळांच्या प्लास्टिकच्या काचा मात्र काही प्रमाणात अडवतात.

उन्हाने किंवा पुन्हा पुन्हा चार्ज केल्याने लेप ‘म्हातारा’ होतो, हा समज निराधार आहे. स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेट त्याने झिजत नाही. त्याचा खरा वैरी पाणी. ओल लागली की स्फटिक विघटित होतो, लेप करडा पडतो आणि तिथे पुन्हा कधी चमकत नाही. एखाद्या घड्याळात दोन-तीनच ठिपके मेलेले आणि तेही मुकुटाच्या (चावी देण्याच्या खुंटीच्या) बाजूचे, असं दिसलं तर लेपाला दोष देण्याआधी मुकुटाची रबरी गॅसकेट बदला.

काटे आधी, आकडे नंतर

तबकडीवरचे ठिपके कितीही झगमगले, तरी वेळ सांगतात काटे. आणि काट्यात लेप नेहमी कमी. तबकडी आणि काच यांच्यामधल्या अरुंद जागेत तीन काटे एकमेकांना न घासता फिरायचे असतात, त्यामुळे जाडी वाढवता येत नाही. शिवाय पोकळ काट्यातला लेप कशावर टेकलेला नसतो, तो चौकटीत पडद्यासारखा ताणलेला असतो. खाली पांढरा थर नाही, मागे परावर्तन नाही. म्हणून घड्याळ निवडताना आधी काटे पाहावेत. रुंद तास काटा मोठा पडदा धरू शकत नाही, तडकतो. तसे काटे आडव्या-उभ्या पट्ट्यांनी विभागण्याची रीत त्यातूनच आली. रोलेक्सच्या तीन पाकळ्यांच्या तास काट्याचंही हेच स्पष्टीकरण सहसा दिलं जातं.

अंधारात दुसरी अडचण म्हणजे ओळख. दोन्ही काटे सारख्याच आकाराचे असतील तर १०:१० आणि १:५० यांत डोळा फसतो. बाराच्या जागी वेगळी खूण नसेल, तर उलटं ठेवलेलं घड्याळ साफ चुकीचं वाचलं जातं. वैमानिकांच्या घड्याळावर बाराला त्रिकोण आणि बाजूला दोन ठिपके असतात, ते त्यासाठी. ओमेगाच्या प्लॅनेट ओशनमधली युक्ती मला सगळ्यात हुशारीची वाटते: बाकी सगळं निळं, फक्त मिनिट काटा आणि बेझलवरचा (काचेभोवतीच्या फिरत्या कड्यावरचा) ठिपका हिरवा. पाण्याखाली पाणबुड्याला हव्या असतात याच दोन गोष्टी, आणि त्या रंगाने जोडलेल्या आहेत.

पाणबुड्यांच्या घड्याळांसाठीचं मानक आयएसओ ६४२५ म्हणतं की अंधारात २५ सेंटिमीटरवरून वेळ आणि बेझलची खूण वाचता आली पाहिजे, आणि घड्याळ चालू आहे हेही कळलं पाहिजे. सेकंद काट्याच्या टोकावरचा तो छोटा चमकता ठिपका नियमातून आलेला आहे. बंद पडलेलं घड्याळ अंधारातही तितक्याच आत्मविश्वासाने चमकत राहतं!

नळ्यांची घड्याळं

चार्जिंगची कटकटच नको असेल तर ट्रिटियमच्या, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजनच्या नळ्या. बर्नजवळच्या निडरवांगेनची एमबी-मायक्रोटेक कंपनी त्या बनवते. काचेच्या बारीक नळीला आतून चमकणारं रसायन लावायचं, ट्रिटियम वायू भरायचा आणि लेसरने तोंड बंद करायचं. ट्रिटियममधून निघणारे बीटा कण इतके दुबळे, की नळीची काचही त्यांना ओलांडता येत नाही. बॉल या कंपनीने आपली ओळखच यावर उभी केली आहे.

नळी पहिल्या तासात ताज्या भरलेल्या सी ३ पुढे फिकी पडते. तासा-दोन तासांनी चित्र पालटतं, कारण नळीचा उजेड रात्रभर हलत नाही. पहाटे चारला नळीच जिंकते, दिवसभर पेटीत पडून राहिली असली तरी. किंमत मोजावी लागते ती वर्षांनी: ट्रिटियमचं अर्धायुष्य १२.३ वर्षं. बारा वर्षांनी निम्मा, पंचवीस वर्षांनी पाव. नळ्या नंतर भरता येत नाहीत, बदलाव्या लागतात. वापरलेलं घड्याळ घेताना म्हणूनच बनवल्याचं साल विचारायचं, विकल्याचं नव्हे. हिरव्या नळ्या सर्वांत उजळ, निळ्या आणि नारिंगी बऱ्याच मंद.

तबकडीवरची टी २५ ही खूण म्हणजे २५ मिलिक्युरीपर्यंत (हे किरणोत्साराचं माप) आणि टी १०० म्हणजे १०० पर्यंत ट्रिटियम. टी १०० साहजिकच जास्त उजळ.

घरी तुलना करायची तर

दोन्ही घड्याळं आधी एक रात्र बंद डब्यात ठेवून रिकामी करावीत. नाहीतर एकाला दुपारच्या उन्हाचा उरलेला साठा मिळतो. मग एकाच दिव्याखाली, एकाच अंतरावर, काचेची बाजू वर ठेवून दहा मिनिटं. त्यानंतर अंधाऱ्या खोलीत शेजारी शेजारी, आणि नजर टाकायची १ मिनिट, १० मिनिटं, १ तास, ३ तास आणि ६ तासांनी. पहिल्या दोन नजरा सोडल्या तर दरवेळी डोळे आधी वीस मिनिटं अंधाराला सरावलेले हवेत. ‘किती उजळ’ हे लिहू नका, ते डोळ्याला मोजता येत नाही. ‘हात लांब करून मिनिट काटा वाचता आला का’ हे लिहा. हो किंवा नाही. दोन घड्याळांतला फरक सहसा तिसऱ्या तासाला उघडा पडतो.

फोटोंवर तर मुळीच विसंबू नये. मोबाइलचा रात्रीचा मोड प्रत्येक फोटो आपोआप सारखाच उजळ करतो. मेलेला लेपही त्यात दिव्यासारखा दिसतो. कॅमेरा तिकाटण्यावर, एक्स्पोजर, आयएसओ आणि व्हाइट बॅलन्स हाताने पक्के केलेले, आणि दोन्ही घड्याळं एकाच चौकटीत असतील, तरच तो फोटो पुरावा. त्यातही कॅमेऱ्याचा सेन्सर निळ्याला डोळ्यापेक्षा वेगळं वजन देतो, म्हणून निळा विरुद्ध हिरवा हा निकाल फोटोवरून देऊ नये.

जुन्या तबकड्या

इथे सावध राहायला हवं. १९६० च्या दशकापर्यंत काटे आणि आकडे रेडियमने रंगवत. रेडियमचं अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षं, पण त्याच्या माऱ्याने सोबतचं झिंक सल्फाइड काही दशकांतच निकामी होतं. म्हणून अंधारात काळी पडलेली तबकडी निरुपद्रवी समजणं ही सगळ्यात मोठी चूक. ती चमकत नाही, तरी किरणोत्सार तितकाच. न्यू जर्सीतल्या ऑरेंज गावच्या यूएस रेडियम कंपनीत ओठांनी कुंचल्याला टोक काढत तबकड्या रंगवणाऱ्या मुलींपैकी अनेकींचे जबडे सडले, कित्येक दगावल्या. पाच जणींनी १९२७ मध्ये दावा लावला आणि १९२८ मध्ये तडजोड झाली. असं घड्याळ न उघडता मनगटावर घालणं हा एक प्रश्न, ते उघडून लेप खरवडणं हा पूर्णपणे वेगळा. सुटलेली धूळ श्वासात जाते. घरी उघडूच नये.

ट्रिटियम मिसळलेल्या लेपाची घड्याळं त्यानंतर १९९० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत निघाली. तबकडीच्या तळाशी ‘टी स्विस टी’ किंवा ‘स्विस टी < २५’ असं बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. आज त्यांची चमक जवळजवळ संपलेली आहे आणि लेप मधासारखा, कधी तपकिरी झाला आहे. हा रंग संग्राहकांना प्रिय.

अस्सलपणा ओळखायला टॉर्चचा उपयोग होतो. ट्रिटियमच्या जुन्या लेपावर अतिनील टॉर्च मारली की तो उजळतो आणि ती विझवल्यावर काही सेकंदांत मरतो. पाच मिनिटांनीही चमक उरली असेल, तर तिथे नवी पूड भरलेली आहे, तळाशी ‘टी’ लिहिलेलं असो वा नसो. काटे एका छटेचे आणि तबकडी दुसऱ्या छटेची पेटली, तर दोहोंपैकी काहीतरी बदललेलं आहे.

पुन्हा लेप भरायचा झाला तर पूड आणि बाइंडर (पूड धरून ठेवणारं द्रव) साधारण समान वजनाने घेतात आणि काचेच्या किंवा लाकडी काडीने सावकाश ढवळतात. धातूची काडी नको, पुडीचे कण इतके टणक असतात की धातू घासून मिश्रण करडं पडतं. जोरात ढवळलं तर बुडबुडे येतात आणि वाळल्यावर तिथे भोकं उरतात. दाटपणा मधासारखा हवा. काटा उलटा ठेवून चिरेच्या एका टोकाला थेंब लावायचा आणि काडीने दुसऱ्या टोकाकडे ओढत न्यायचा, पृष्ठताण उरलेलं काम करतो. पातळ झालं तर पडदा मधेच फाटतो, बाइंडर जास्त झाला तर लेप काचेसारखा गुळगुळीत पण मंद आणि पुढे पिवळा. एक रात्र झाकून वाळवायचं, आणि वाळण्याआधी काटा बसवायची घाई केली तर लेपाचा तुकडा सुटून थेट दात्यांत जाऊन बसतो.

संग्रहातल्या घड्याळावर मात्र हे करू नये. आणि सर्व्हिसला देताना लेखी कळवावं की तबकडी व काटे बदलायचे नाहीत, लेप भरायचा नाही. अधिकृत केंद्रं बऱ्याचदा जुने चमकते भाग काढून नवे बसवतात, त्यांच्या नजरेने ती सुधारणाच असते. ट्रिटियमचे काटे काढलेच असतील तर बंद पाकिटात परत मागून घ्यावेत. रेडियमचे असतील तर मागू नयेत.